दहा ते चार

घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू एकोणीस होत्या. पंखे तीन, दिवे नऊ, फ्रिज, टीव्ही, मिक्सर, इस्त्री, कपडे धुण्याचं मशीन, पाण्याचा पंप आणि इंटरनेटची डबी. छपरावर सौर पॅनेल बसवण्याआधी कंपनीच्या माणसाने विचारलं तेव्हा तिनेच खोल्याखोल्यांतून फिरून त्या मोजल्या होत्या, आणि मोजता मोजता प्रत्येकीच्या पाठीवरच्या पत्र्यावरचे वॅटही टिपून घेतले होते. त्या माणसाने कागदाकडे पाहून नुसतं 'बापरे' म्हटलं होतं आणि स्वतःच्या फॉर्मवर 'वापर साधारण' असं लिहिलं होतं. एकोणीसपैकी दोन वस्तू कधीच बंद होत नसत, फ्रिज आणि डबी. म्हणून त्या दुपारी प्रयोगशाळेत फोनच्या पडद्यावर तिला जे दिसलं ते आधी खरंच वाटलं नाही. पॅनेलची वीज घराजोगी करणारी छपरावरची पेटी स्वतःच्या सिमवरून आकडे पाठवायची, आणि पडद्यावर दोन रेघा असायच्या. पिवळी रेघ छपरावर तयार होणाऱ्या विजेची. हिरवी रेघ घरात न लागता बाहेर, रस्त्यावरच्या तारांना दिलेल्या विजेची. दोन रेघांमधली फट म्हणजे घर. ती कधी बोटभर असे, कधी केसाएवढी, पण असे. त्या दिवशी सकाळी दहापासून हिरवी रेघ पिवळीवर अशी बसली होती की पिवळी दिसतच नव्हती. बाहेर एक्केचाळीस अंश होतं, आणि आई घरी होती.

फोन तिने स्वतःसाठी उघडलाही नव्हता. शहरभरच्या नळांचं आणि टाक्यांचं पाणी बाटल्यांत भरून आणणारा नमुनेवाला तिच्या टेबलाशी बाटल्या मांडत होता, आणि मांडता मांडता विचारत होता, "ताई, ते पॅनेलचं अनुदान खरंच मिळतं का हो? का नुसतं पोस्टरवर?" त्याला दाखवायला म्हणून तिने आलेख उघडला. तो वाकून बघत म्हणाला, "वा, सगळीच वीज विकता की तुम्ही! घरात माणसं राहतात ना?" आणि हसून पुढच्या टेबलाकडे गेला. तिच्या हातात बुरेट होती, खाली चंचुपात्रात पाणी होतं, आणि एका थेंबाच्या अंतरावर रंग बदलायचा होता. तो थेंब पडला, मग आणखी दोन पडले, आणि नमुना वाया गेला. तिने आईला फोन लावला. बऱ्याच वेळाने आईने उचलला. "जेवलीस का?" "जेवले." "पंखा लावलायस ना?" "लावलाय की." आवाज नेहमीचा, थोडा जड. पण आईच्या आवाजामागे एरवी एक दुसरा आवाज असायचा. मधल्या खोलीतल्या पंख्याचं एक पातं किंचित वाकलेलं होतं आणि तो प्रत्येक फेरीला टक् करायचा. कितीही दुरून बोललं तरी ती टकटक आईच्या वाक्यांमध्ये येऊन बसायची, जणू तिसरं कोणीतरी जिभेने चुकचुकत सगळं ऐकतंय. आज आईच्या मागे काहीच नव्हतं. आई रिकाम्या टाकीत बोलावं तशी बोलत होती. फोन ठेवल्यावर आपण नक्की काय ऐकलं याचा तिने विचार केला. एक खोटं ऐकलं होतं. आयुष्यात मोजून चारदा खोटं बोलली असेल अशी बाई पंख्यासारख्या क्षुल्लक गोष्टीवरून सरळ खोटं बोलली होती. तिने अर्धी रजा टाकली.

बसमध्ये उन्हाकडच्या बाजूलाच जागा मिळाली. खिडकीची दांडी हात लावू देत नव्हती, आणि पुढच्या सीटच्या प्लॅस्टिकला तापल्यावर येतो तो गोडसर वास येत होता. काळजीपेक्षा चीडच जास्त येत होती तिला, आणि काळजी करायच्या वेळी चीड का यावी याचीही चीड येत होती. हे सगळं सुरू झालं मामापासून. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जगातली प्रत्येक सवलत त्याला तिच्या शेवटच्या तारखेसकट पाठ असते. "अगं ताई, निम्मे पैसे सरकार परत देतंय. निम्मे! वर उरलेली वीज विकायची. एवढं छप्पर नुसतं तापत पडलंय, भाडं देतंय का तुला ते?" आईला हे पटायला पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि तिथेच तिला शंका यायला हवी होती, कारण आईला साधी चादर पटायला दोन दुकानं लागतात. बत्तीस वर्षं खाजगी इस्पितळात नर्स म्हणून काढल्यावर निरोपाच्या दिवशी आईला फुलांचा गुच्छ आणि फंडाची एकरकमी रक्कम मिळाली होती. पेन्शन नव्हती. ती रक्कम बँकेत होती आणि आई तिला 'माझं गाठोडं' म्हणायची. "गाठोडं इथे पडलंय ते छपरावर पडेल," आई म्हणाली होती. "निम्मं तर परत येतंय." तिनेही हिशेब करून पाहिला होता, दोनदा, आणि तो बरोबर आला होता. हिशेब बरोबरच होता. फक्त 'निम्मे' या शब्दाचा अर्थ कार्यालयात वेगळा होता, तिथे निम्मे म्हणजे मान्य खर्चाच्या निम्मे, आणि मान्य खर्च कुणाला मान्य होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या कार्यालयातली खिडकी तिला अजून स्वप्नात दिसते, म्हणजे खिडकीची फक्त खालची अर्धगोल फट, जिच्यातून बोलायला प्रत्येकाला कमरेत वाकावं लागे. चौदा महिने ती वाकत राहिली. आधी पॅनेलचा फोटो चालेना, कारण त्यात आई नव्हती. मग आईसकट काढला, तर त्यात पॅनेल पूर्ण येईनात. मग आई छपराच्या कठड्याला टेकून, डोळ्यांवर हात धरून उभी राहिली आणि तो फोटो चालला, तर मीटर वडिलांच्या नावावर निघालं. वडील जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. "छप्पर पात्र आहे," आतला कारकून म्हणाला, "अर्जदार पात्र नाही." "मग पुढच्या वेळी छपरालाच पाठवते," ती म्हणाली होती. कारकून हसला नाही. मागे रांगेत मात्र कुणीतरी हसलं, आणि त्या एका हशापायी फाईल आणखी तीन महिने तळाशी गेली असावी असा तिचा अंदाज होता. सिद्ध करता येण्यासारखा नव्हता. शेवटी पैसे आले, गाठोड्याच्या निम्म्याचे निम्मे. आईने पासबुकावरचा आकडा पाहिला, चष्मा काढून पुसला, परत पाहिला आणि म्हणाली, "चला, आले तर." एवढंच. आई रागावली असती तर बरं झालं असतं. समोरचा रागावला नाही की आपल्या रागाला बसायला जागाच मिळत नाही, तो घरभर उभा राहतो.

आणि मग ते वार्षिक प्रोत्साहन. पॅनेल बसल्याच्या तारखेपासून वर्षभरात चोवीसशे युनिट बाहेर दिले तर घरमालकाला एक घसघशीत रक्कम. गाठोड्यातलं उरलेलं भोक बुजवायला जवळजवळ पुरेल एवढी. तेवीसशे नव्याण्णव दिले तर काही नाही. ही पायरी तिला पहिल्यापासून सलत होती. बर्फसुद्धा वितळायच्या आधी थोडा ओला होतो. प्रयोगशाळेत एका थेंबाने रंग बदलतो हे खरं, पण तो आपण रंग दाखवणारा दर्शक टाकलेला असतो म्हणून बदलतो, पाण्याला त्या थेंबाचं काहीच नसतं. कुणीतरी कुठेतरी खुर्चीत बसून चोवीसशेवर दर्शक टाकला होता. गेल्या वर्षी त्यांचे तेवीसशे एक्क्याण्णव झाले. नऊ कमी. मध्ये छपरावरची पेटी बिघडून चार दिवस बंद होती आणि कंपनीचा माणूस "येतो, निघालोच आहे" म्हणत चार दिवस निघत राहिला होता, त्यात ते नऊ गेले होते. हे तिला पक्कं माहीत होतं. तरी त्या आठवड्यात ती घरात पिंजऱ्यातल्यासारखी फिरली होती. नऊ युनिट! जेवताना नऊ, कपडे वाळत घालताना नऊ. काय काय बोलली ते तिला आठवत नव्हतं. आठवत होतं ते इतकंच की नंतर तिने स्वतःशी शपथ घेतली होती की पुढच्या वर्षी शेवटच्या तारखेपर्यंत एकूण आकडा बघायचाच नाही. रोजची बेरीज करणाऱ्या माणसाला ही शपथ साखर सोडण्याइतकी कठीण गेली, पण तिने ती पाळली होती. महिनोन्महिने तिने ते ॲप उघडलं नव्हतं. म्हणूनच तर घरातली फट कधी मिटली ते तिला कळलं नाही.

सिग्नलला बस थांबली तेव्हा तिने शपथ मोडली. एकूण बाहेर दिलेली वीज: चोवीसशे साठ. वर्ष संपायला अजून अकरा दिवस होते. म्हणजे पायरी गेल्याच आठवड्यात ओलांडली होती, अशीच, कुणी बघत नसताना. आनंद व्हायला हवा होता. तिने मागचे आलेख बोटाने सरकवत नेले. आज फट नव्हती, काल नव्हती, परवा नव्हती. बावन्न दिवस मागे गेल्यावर ती एकदम दिसली, दहा ते चारच्या मध्ये, बोटभर रुंद, फ्रिज, डबी आणि एका पंख्याएवढी.  बावन्न दिवस. त्यातले निदान वीस चाळीस अंशांच्या वरचे. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा पंखा टकटकत असायचा, आई केस विंचरून चहा टाकत असायची, फ्रिजमधलं पाणी हल्ली पुरेसं गार नसतं अशी तिनेच एकदा तक्रार केली होती, आणि आई म्हणाली होती, "म्हातारा झालाय गं तो."

दार आतून नुसतं लोटलेलं होतं. आत अंधार आणि ओल्या कापडाचा वास, एखाद्या वॉर्डात येतो तसा. खिडक्यांवर ओल्या चादरी. फ्रिजचा आणि डबीचा प्लग सॉकेटमधून काढून वर ठेवलेला, आणि फ्रिजच्या अंगावर दोन गोधड्या, आजारी माणसाला पांघरावं तशा नीट खोचलेल्या. आई मधल्या बोळात, जिथे फरशी सगळ्यात गार असते तिथे आडवी होती. केस ड्यूटीला बांधायची तसे घट्ट बांधलेले, डोक्याखाली टॉवेलची गुंडाळी, घोट्यांवर आणि मनगटांवर ओले रुमाल. शेजारी काचेचा जग, त्यात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आणि जगाला बाहेरून चिकटपट्टीचे तुकडे लावलेले, प्रत्येकावर पेनने तास लिहिलेला. पाणी दोनच्या पट्टीशी अगदी बरोबर होतं.

"आलीस?" आई उठून बसली. "रजा कशाला वाया घालवलीस?"

"आई, पंखा."

"चारला लावते ना. दहा ते चार ड्यूटी असते माझी."

"कसली ड्यूटी?"

"बाहेर द्यायची," आई म्हणाली, जणू हे सगळ्यांनाच माहीत असतं.

तिने बटण दाबलं. पंखा टक् करून फिरायला लागला. आई फरशीवर हात टेकून उठली, भिंतीशी गेली आणि तिने बटण बंद केलं. तिने परत दाबलं. आईने परत बंद केलं. चारपाच वेळा असं झालं. पंखा बिचारा धड फिरेनाही आणि थांबेनाही. कुणी तिसऱ्याने पाहिलं असतं तर दोघींना वेड लागलंय म्हणाला असता.

"उष्माघात होईल तुला! कळतंय का?"

"बत्तीस वर्षं उष्माघाताचे पेशंट काढलेत मी. मला शिकवतेस? दर तासाला ताप बघते. पाणी मोजून पिते. लघवीचा रंग बघते. तू बाटल्या तपासतेस ना, मी मला तपासते. मोजपट्टी काय एकटी तूच आहेस घरात?" मोजपट्टी हे तिचं लहानपणापासूनचं नाव. पाचवीत असताना तिने आईची वेणी रोज मोजून ठेवली होती, वाढते की नाही बघायला.

"वॉर्डात पंखे तरी होते तुमच्या."

"होते. पेशंटच्या डोक्यावर होते. आमच्या नव्हते."

"पण कुणी सांगितलं तुला हे करायला?"

आईने तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तूच. गेल्या वर्षी. इथेच उभी होतीस, हातात झारा होता. दिवसभर कुणीही बघत नसताना हा पंखा फिरतो, एवढा एक कमी फिरला असता तरी निघाले असते नऊ युनिट, असं म्हणालीस. दिवसा घरात मीच असते ना? मग बघणारी मी, आणि न बघणारी पण मीच."

ते वाक्य तिला आठवलं नाही. पण ते तिचंच होतं, तिच्या बोलण्याची घडी त्याला होती. "मी रागात म्हणाले असेन," ती म्हणाली.

"रागात बोलतेस तेव्हाच तू सरळ बोलतेस. एरवी तुझं आपलं 'अंदाजे', 'सरासरी', 'असं निश्चित सांगता येणार नाही.'"

इथे ती थांबली असती तर चाललं असतं. पण बसचा उन्हाळा, चौदा महिन्यांची खिडकी, फ्रिजवरच्या त्या गोधड्या, सगळं एकदम घशाशी आलं आणि तोंडातून हिशेब बाहेर पडला. "पाऊण युनिट! दिवसाला पाऊण युनिट वाचतं तुझं हे सगळं करून. त्याचे किती होतात माहितीये? अर्धा चहा! सहा तास फरशीवर पडून अर्धा चहा मिळवतेस तू, तोही बिनसाखरेचा!"

 आईने मनगटावरचा रुमाल काढला, पिळला, त्याची घडी केली. रुमालातून तीन थेंब पडले.

"मग तो अर्धा माझा," आई म्हणाली. आवाज वर गेला नाही. "रिटायर होऊन सहा वर्षं झाली, घरातला सगळा चहा तुझा पिते मी. तू काही बोलत नाहीस, ते माहितीये मला. तू कधीच काही बोलली नाहीस. पण सकाळी तू निघतेस डबा घेऊन, दार लागतं, आणि मग मी काय करायचं असतं? दहाला मी प्लग काढते. चारला घालते. मध्ये कुणालातरी वीज जाते. कुणाला ते माहीत नाही, पण जाते. हातातून जाते माझ्या."

तिला एकदम ती सकाळ आठवली, सातआठ वर्षांची असतानाची, रात्रपाळी करून आई दारात उभी, बूट काढायचंही त्राण नसलेली, आणि तिने विचारलं होतं, "आज किती मिळाले?" लहान मुलं विचारतात तसं, गणिताच्या नादात. आईने पर्स उघडून तिला नोटा मोजू दिल्या होत्या. ती मोजेपर्यंत आई दाराला टेकून झोपली होती. हे आठवून आता काय उपयोग होता? चीड गेली नव्हती. ती फक्त कुणावर काढायची तेच आता कळत नव्हतं. मामावर काढावी तर त्याने सवलतच सांगितली होती. कारकुनाने नियमच वाचला होता. चोवीसशेचा आकडा ठरवणाऱ्याने तर हे घर पाहिलंही नव्हतं, त्याच्या डोळ्यांसमोर फक्त छपरं होती, वरून दिसतात तशी, ज्यांच्या खाली कुणी आडवं झालेलं दिसत नाही.

"आई, झाले," ती म्हणाली.

"काय झाले?"

"चोवीसशे. गेल्या आठवड्यातच झाले. आज साठ वर आहेत. आता वर्ष संपेपर्यंत तू तिन्ही पंखे लाव, इस्त्री लाव, काहीही लाव. प्रोत्साहन मिळणार आहे."

 हळूहळू आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने फार वर्षांपूर्वी पाहिलं होतं, एखादा हाताबाहेर गेलेला पेशंट उठून बसला की आई घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगायची, तेव्हाचं. आईने स्वतः हात लांब करून बटण दाबलं. पंखा टकटकायला लागला. खिडकीवरच्या ओल्या चादरी फुगल्या आणि गार वाऱ्याचा पट्टा दोघींच्या अंगावरून गेला.

"आठवडा झाला आणि सांगितलं नाहीस?"

"मलाच आत्ता कळलं. बसमध्ये."

"मी इथे फरशी झिजवतेय आणि हिला बसमध्ये कळतंय," आई हसली. मग तिच्याकडे बघत म्हणाली, "चेहरा बघ तुझा, टोमॅटो झालाय. उन्हातून धावत आलीस ना? बस खाली. हात दे." आणि तिचं मनगट ओढून तिने तीन बोटं त्यावर ठेवली, पहिल्यांदा चुकीच्या जागी, मग लगेच बरोबर. बोटं ओली आणि गार होती. भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवता वळवता आईने सहज विचारलं, "माझ्यामुळे झाले ना ते?"

बावन्न गुणिले पाऊण, एकोणचाळीस. साठातून एकोणचाळीस वजा, एकवीस. एकवीस युनिट शिल्लक राहिलेच असते, आईने एकही दिवस प्लग काढला नसता तरी. यंदा ऊन जास्त होतं, पेटी बिघडली नव्हती, एवढंच. उत्तर काढायला तिला कागद लागला नाही, आणि त्यात अंदाजे, सरासरी असं काहीच नव्हतं. 'नाही' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. आई घड्याळाकडे बघत होती, ओठ न हलवता मोजत होती.

"हो," ती म्हणाली. "तुझ्यामुळेच."

आईची नजर काट्यावरून हलली नाही. तिने मिनिट पुरं होऊ दिलं.

"एकशे अठरा," आई म्हणाली.